गॅरेजमधून गाडी बिघडून आली तर: पाना लागण्याआधी काय करायचं

साताऱ्याकडचा खंडाळा मागे टाकून खंबाटकीच्या चढाला लागले आणि डॅशबोर्डवर तो लाल दिवा पेटला, ज्यात किटलीच्या तोंडातून थेंब पडताना दाखवतात तो. चारच दिवसांपूर्वी ऑइल बदलून आणलं होतं. गाडी कडेला घेतली, बंद केली, खाली वाकून पाहिलं तर चेंबरखाली (म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) डांबरावर काळं ऑइल टपटपत होतं. गॅरेजला फोन लावला. उत्तर आलं, "मॅडम, सेन्सरमुळे लागतो तो दिवा. हळूहळू चालवत आणा, बघून घेऊ." मग जरा थांबून, "साहेब आहेत का शेजारी? त्यांना द्या फोन."

साहेब शेजारी नव्हते. मी गाडी चालवतही आणली नाही आणि त्या गॅरेजलाही नेली नाही. टोइंगवर घालून पुण्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून उभी केली. तेव्हा हे फक्त रागापोटी केलं होतं. पुढे जे काही पैसे परत मिळाले ते त्या एका गोष्टीमुळेच, हे मागाहून कळलं.

नंतर नाशिकच्या माझ्या भाऊजींच्या गाडीचं असंच झालं आणि त्यांचं प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं. दोन्ही वेळा कागद मीच जुळवले. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. नाक्यावरचं गॅरेज असो की कंपनीचं चकाचक वर्कशॉप, रस्ता तोच आहे.

## १. गाडी जिथे आहे तिथे थांबवा

ऑइलचा लाल दिवा, तापमानाचा काटा वर, ब्रेकचं पेडल खाली जाणं, चाकातून खडखड आवाज, यातलं काहीही झालं तर पुढे एक किलोमीटरही नाही. ऑइलचा दाब गेलेलं इंजिन काही मिनिटांत बेअरिंगं खातं. पैशांच्या दृष्टीनेही थांबणं महत्त्वाचं आहे. दिवा दिसूनही तुम्ही गाडी पुण्यापर्यंत रेटली आणि इंजिन जाम झालं, तर गॅरेजवाला म्हणणार की नट सैल राहिला ती चूक माझी, पण इंजिन तुमच्या हट्टाने गेलं. आणि त्यात तथ्य असेल.

विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर टोइंग त्यातच बसतं. पॉलिसीची पहिली दोन पानं फोनमध्ये ठेवा, घाटात रेंज असेलच असं नाही. पैसे देऊन टोइंग केलं तर पावती घ्या.

## २. फोटो काढा, आणि कुणालाही पाना लावू देऊ नका

सगळ्या लेखात एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल: पाना लागला की पुरावा गेला. रस्त्यावरचा भला माणूस "ताई, नट जरा आवळून देतो" म्हणेल. गॅरेजचा पोरगा बाइकवर येऊन "पाच मिनिटांत करतो" म्हणेल. दोघांनाही हात जोडून नाही म्हणा. आवळलेल्या नटावरून तो आधी सैल होता हे जगात कुणीही सिद्ध करू शकत नाही.

फोटो कसे काढायचे, तर आधी लांबून, नंबरप्लेट आणि आजूबाजूचा परिसर येईल असे. मग जवळून. ओडोमीटरचं रीडिंग, पेटलेले दिवे, गळती, वाकलेला पत्रा, गळलेल्या डागाशेजारी चपला किंवा बाटली ठेवून, म्हणजे आकार कळतो. शेवटी एक सलग व्हिडिओ: गाडीभोवती फिरत तारीख, वेळ, जागा आणि किलोमीटर तोंडाने बोलायचे. आपलाच आवाज ऐकायला अवघडल्यासारखं होतं, पण बोला.

हे फोटो फोनमधून उडवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत फोटो दबतो आणि तो कधी काढला ही आतली माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या आणि एक प्रत स्वतःलाच ईमेल करून ठेवा. प्रकरण पुढे गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायला सांगू शकतात. त्यातला एक भाग तुमच्या सहीचा आणि दुसरा तज्ज्ञाच्या सहीचा असतो. मूळ फोन तुमच्याकडे असेल तर ते द्यायला सोपं जातं.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड "क्लिअर" करू देऊ नका. आधी कोडांचा फोटो घ्या.

## ३. दोष खरंच गॅरेजचा आहे का?

इथे जरा थंड डोक्याने बसा. गॅरेजमधून आल्यावर गाडीला जे जे होतं ते सगळं गॅरेजने केलेलं नसतं. माझ्या एका मैत्रिणीची बॅटरी सर्व्हिसिंगनंतर आठवड्याने बसली. ती भांडायला निघाली होती. बॅटरी साडेचार वर्षांची होती, तिची वेळच झाली होती. क्लचप्लेट एका दिवसात झिजत नाही. सस्पेन्शनचे बुश वर्षानुवर्षं कुजत येतात आणि नेमके कुणीतरी गाडी जॅकवर घेतली की आवाज करायला लागतात.

मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. बिघडलेला भाग त्यांनी उघडला होता का, किंवा त्याच्या शेजारी हात घातला होता का? काम झाल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली? हे लक्षण आधीपासून थोडंफार होतं का? पहिल्याचं उत्तर "हो", दुसऱ्याचं "थोडीच" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल तर तुमच्या म्हणण्यात दम आहे.

गॅरेजच्या हातून नेहमी होणारं नुकसान ओळखीचं असतं. ऑइल बदलताना चेंबरचा नट जास्त आवळला जातो. चेंबर बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचं आणि नट पोलादी, त्यामुळे आटे जातात ते चेंबरचे. जुना वायसर तसाच बसवला तरी गळती होते. चाकाचे नट हवेच्या गनने ठोकून आवळले की स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतात, किंवा रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने ते सुटतच नाहीत. जॅक चुकीच्या जागी लावला की दाराखालची पत्र्याची कड आत दबते, ती वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. इंजिन प्रेशर पंपाने धुतलं की वायरिंगच्या जोडांत पाणी जातं आणि दुसऱ्या दिवशी गाडी झटके देते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग फुगतो. डेंटिंग-पेंटिंगमध्ये पत्रा सरळ करायचा सोडून लांबी (पुट्टी) थापलेली असते, ती पावसाळ्यानंतर तडकते.

मधली एक जागा आहे, जिथे दोघांचंही बरोबर असतं. गंजलेला बोल्ट खोलताना तुटला, बारा वर्षं उन्हात तापलेली प्लास्टिकची क्लिप हातात आली. जुन्या गाडीत हे व्हायचंच. पण ते लगेच फोन करून सांगितलं की लपवून गाडी दिली, हा फरक मोठा आहे. सांगणाऱ्याशी मी भांडत नाही.

## ४. कागद गोळा करा

पुढच्या पायऱ्यांवर हे लागतं. आजच एका फाइलमध्ये लावा:

- जॉबकार्ड. त्यावर गाडी देतानाचं रीडिंग, आधीचे डेंट-ओरखडे आणि तुम्ही सांगितलेल्या तक्रारी असतात
- एस्टिमेट आणि अंतिम बिल, दोन्ही
- पैसे दिल्याचा पुरावा (यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा बँकेचं स्टेटमेंट)
- गॅरेजशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं आणि कॉललॉग
- आरसी, विमा पॉलिसी, पीयूसी
- आधीच्या सर्व्हिसिंगची बिलं. गाडी नीट राखली होती हे यातून दिसतं
- टोइंग, रिक्षा-टॅक्सी, तपासणी यांच्या पावत्या
- गाडी गॅरेजमध्ये असतानाचे फास्टॅगचे एसएमएस आणि ई-चलान

शेवटचा मुद्दा अनेकांना सुचत नाही. भाऊजींची गाडी सस्पेन्शनच्या कामासाठी तीन दिवस नाशिकच्या एका गॅरेजमध्ये होती. परत आली ती पुढच्या बंपरला आणि उजव्या फेंडरला मार घेऊन. गॅरेजचं म्हणणं, गाडी आवाराबाहेर गेलीच नाही, डेंट आधीचाच. भाऊजी फोनमधले जुने एसएमएस चाळत बसले आणि मधल्या दिवशी संध्याकाळी शिंदे टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज सापडला. ट्रायल मारायला निघालेला मेकॅनिक टोल ओलांडून सिन्नरच्या बाजूला कशाला जातो, याचं उत्तर गॅरेजला शेवटपर्यंत देता आलं नाही.

बिलच नसेल तर? "जीएसटीशिवाय करा, वाचतील पैसे" हा मोह आपल्या सगळ्यांनाच असतो. पण बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेव्हा आता मागा. नाही दिलं तर बिल मागितल्याचा मेसेज आणि यूपीआयची नोंद, एवढ्यावरही काम भागतं. रोख दिले असतील आणि कागद काहीच नसेल तर अवघड आहे, खोटी आशा लावत नाही.

## ५. गॅरेजला लेखी कळवा, फोनवर नको

फोनवर चढलेला आवाज दोन्ही बाजूंनी चढतच जातो आणि नंतर कुणी काय म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवा. (जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. काउंटरवर पोच मिळेल असं पाठवायचं आहे म्हणून सांगा.)

शिव्या नाहीत, "फसवलंत" नाही, "बघून घेईन" तर अजिबात नाही. मी पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

"माझी गाडी क्र. ____ दि. ____ रोजी ऑइल व फिल्टर बदलण्यासाठी आपल्याकडे दिली होती (जॉबकार्ड क्र. ____, रीडिंग ____ कि.मी.). दि. ____ रोजी ____ कि.मी. वर चेंबरच्या नटाजवळून ऑइल गळून गाडी रस्त्यात बंद करावी लागली. त्यानंतर गाडी चालवलेली नाही व उघडलेली नाही. दि. ____ रोजी सकाळी ११ वाजता ____ येथे तिची तपासणी होईल. आपल्या माणसाने हजर राहावे. कोणी न आल्यास तपासणी आपल्या गैरहजेरीत होईल व तिचा अहवाल आपणास पाठवला जाईल. खर्चाची मागणी अहवालानंतर कळवीन."

यातली "हजर राहावे" ही ओळ गाळू नका. गॅरेजला पाहण्याची संधी द्यायलाच हवी, नाहीतर "आम्हाला न दाखवताच परस्पर उघडली" हा त्यांचा पहिला बचाव असतो. संधी द्यायची, ताबा द्यायचा नाही.

गॅरेज कंपनीचं अधिकृत असेल तर पत्राची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागालाही ईमेलने पाठवा. कंपनी हात झटकायला बघते, "डीलर स्वतंत्र आहे" म्हणते. तरी वरून विचारणा झाली की वर्कशॉप मॅनेजरचा सूर बदलतो.

## ६. तिसऱ्याच्या हाताने गाडी उघडा

तपासणी कुठे करायची? कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, किंवा ज्यांना या भांडणात रस नाही अशा दुसऱ्या जाणत्या गॅरेजमध्ये. नुकसान मोठं असेल, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, अपघात, तर परवानाधारक विमा सर्व्हेअरला खासगीरीत्या बोलवा. त्याचा सही-शिक्क्याचा अहवाल आयोगात वजन राखतो.

तपासणी करणाऱ्याला सांगायचं ते नीट सांगा. "ऑइल लीक आहे" एवढं लिहून दिलं तर त्याचा उपयोग शून्य. काय दिसलं आणि कशामुळे झालं असावं, दोन्ही लिहून हवं. सुट्टे केलेले भाग पिशवीत घालून, तारीख टाकून, स्वतःकडे घ्या. ते तुमचेच आहेत.

माझ्या गाडीचा नट वर्कशॉपच्या रॅम्पवर, त्या गॅरेजच्या फोरमनसमोर उघडला. तो माणूस आला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. नट हातात आला तेव्हा त्याच्या आट्यांभोवती पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे तुकडे होते, नळाला प्लंबर गुंडाळतो तीच टेप. काही तुकडे ऑइलने काळे पडलेले, एक अजून पांढराशुभ्र. म्हणजे ऑइल बदलतानाच आटे गेले होते, त्यांना ते कळलं होतं, आणि सांगण्याऐवजी टेप गुंडाळून नट बसवला होता. फोरमन काही बोलला नाही. फक्त मान खाली घालून हात पुसत राहिला. मी गाडी त्यांच्याकडे "बघून घ्यायला" नेली असती तर ती टेप पाच मिनिटांत कचऱ्यात गेली असती.

## ७. गाडी अजून त्यांच्याच ताब्यात असेल तर

हा प्रसंग वेगळा आणि जास्त नाजूक. गाडी घ्यायला गेलात आणि तिथेच नवा ओरखडा किंवा डेंट दिसला.

पहिलं, गेटपासवर किंवा जॉबकार्डच्या खाली "काम समाधानकारक, गाडी सुस्थितीत मिळाली" असं छापलेलं असतं. तिथे निमूटपणे सही करू नका. त्याच कागदावर हाताने लिहा: "डाव्या मागच्या दाराला नवा डेंट, तक्रार नोंदवून गाडी घेत आहे." आणि त्याचा फोटो. "असं लिहायला चालत नाही मॅडम" म्हणतील. चालतं.

दुसरं, बिल न देता गाडी ओढून आणायच्या भानगडीत पडू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर कसबाचं काम केलं त्याला त्या कामाची ठरलेली रक्कम मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. तेव्हा पैसे द्या, पण "तक्रारीसह, हक्क राखून" असं बिलावर आणि यूपीआयच्या टिपणीत लिहून द्या. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले असतील तर ते एस्टिमेटशी ताडून वेगळे दाखवा.

त्याच कायद्याचं कलम १५१ तुमच्या बाजूने आहे: दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना शहाण्यासुरत्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तेवढी काळजी घ्यायलाच हवी. भिंतीवर "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी असते, तिला घाबरू नका. १९९८ मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून मारुती झेन चोरीला गेली होती. टोकनवर अशीच ओळ छापलेली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा ओळीने झटकता येत नाही.

गाडी गॅरेजमध्ये असताना सिग्नल तोडल्याचं चलान आलं असेल तर ते तुमच्या नावावर येतं. ते गॅरेजला पाठवून भरायला लावा. सुटे भाग बदलून जुने घातल्याचा पक्का पुरावा असेल तरच पोलिसांत जा. निव्वळ वाईट कामासाठी गेलात तर ठाणे अंमलदार "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवेल, आणि तो चुकत नसतो.

## ८. "इन्शुरन्समधून करून देतो" हा गोड सापळा

भाऊजींना गॅरेजच्या शेठने चहा पाजला आणि म्हणाला, "काका, कशाला वाद? क्लेम टाकू, गाडी नवीन करून देतो, तुमच्या खिशातून रुपया जाणार नाही."

जातो. क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो, आणि पुढच्या नूतनीकरणाला ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावरची ती सवलत शून्य होते, बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलं नसेल तर. शिवाय सक्तीची वजावट आहेच: १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यावर २००० रुपये. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांवर घसारा कापतात तो वेगळा. एवढं करून गॅरेजच्या चुकीचं बिल तुमच्या विम्यावर फाडलं जातं आणि वर दुरुस्तीचं कामही त्यालाच मिळतं. आणि क्लेमच्या फॉर्मवर "पार्किंगमध्ये अज्ञात वाहनाने ठोकलं" असं लिहून सही मागतात. ती सही करू नका. खोटी माहिती तुमच्या नावावर जाते.

इंजिन जाम होण्यासारख्या यांत्रिक बिघाडाला साध्या पॉलिसीत संरक्षण नसतंच, तेव्हा तिथे हा मार्ग बंद आहे.

नुकसान मोठं असेल आणि क्लेम घ्यायचाच असेल तर घ्या, पण खरं लिहून: गाडी गॅरेजच्या ताब्यात होती, चालवणारा त्यांचा माणूस होता. त्याचा परवाना चालू होता का हे विमा कंपनी विचारेल. पैसे दिल्यावर ती गॅरेजकडून वसूल करू शकते. ही गोष्ट शेठला सांगितली की चहाचा कप लवकर उचलला जातो.

## ९. किती मागायचं

दुरुस्तीचा खर्च, टोइंग, तपासणीची फी, गाडी बंद असताना झालेला प्रवासाचा वाजवी खर्च. मूळ कामाचे पैसे परत मागायचे ते फक्त ते काम वाया गेलं असेल तर. माझं नवं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं, म्हणून मी मागितले. मनस्तापाचे लाखभर सुरुवातीलाच मागितले की समोरचा बोलणंच थांबवतो.

तडजोड हा कमीपणा नाही. मला नवं चेंबर, ऑइल, फिल्टर आणि टोइंग मिळालं. टॅक्सीचे पैसे सोडून दिले. मात्र "पुढच्या तीन सर्व्हिसिंग फ्री" या प्रस्तावाला हसून नकार दिला. ज्याच्या हातून नुकसान झालं त्याच्याकडेच तीनदा जायचं, ही कसली भरपाई? आणि "आता माझी कोणतीही तक्रार नाही" या कागदावर पैसे खात्यात जमा झाल्यावर सही, आधी नाही.

## १०. ग्राहक आयोग

पत्राला १५ दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर उडवाउडवीचं, तर शेवटची नोटीस पाठवा. वकिलाची असलीच पाहिजे असं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग होतो, गल्लीतल्या गॅरेजवर तिचा फारसा धाक नाही, असा माझा अनुभव. १९७४ मध्ये पुण्यात सुरू झालेली अखिल भारतीय ग्राहक पंचायत किंवा मुंबई ग्राहक पंचायत यांच्या कार्यकर्त्यांशी बोललात तर तक्रारीचा मसुदा तरी सुधारून मिळतो.

मग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

- मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं
- जागा: तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. गाडी कोल्हापूरला बिघडवली म्हणून तारखेला कोल्हापूर गाठावं लागत नाही
- फी: सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही. इथे गॅरेजला दिलेले पैसे मोजतात, मागितलेली भरपाई नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच
- वकील: सक्ती नाही
- भाषा: जिल्हा आयोगात मराठीत तक्रार चालते
- दाखल करणं: ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या, किंवा आयोगाच्या कार्यालयात

गाडी टॅक्सी म्हणून स्वतः चालवून पोट भरत असाल तरी तुम्ही ग्राहकच आहात. "धंद्याची गाडी आहे" या आक्षेपाला बिचकू नका.

समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कायद्याने निकाल काही महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात तारखा पडतात. भाऊजींना पंधरा महिने लागले आणि शेवटी निकालही लागला नाही. आयोगाने मध्यस्थीला पाठवलं, गॅरेजच्या वकिलाने टोलचा तो एसएमएस पाहिला आणि बंपर, फेंडर, रंगकाम यांचं बिल मान्य केलं. चार-पाच हजारांच्या नुकसानीसाठी आयोगात जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी गेले नसते. नोटिशीपर्यंत मात्र नक्की गेले असते.

## ११. पुढच्या वेळी गाडी देताना

दोन मिनिटांचं काम आहे. गाडीभोवती एक चक्कर मारत व्हिडिओ, शेवटी ओडोमीटर आणि पेट्रोलचा काटा. डॅशकॅम असेल तर चालू ठेवा. जॉबकार्डवर "सांगितल्याशिवाय जास्तीचं काम करू नये, जुने पार्ट परत द्यावेत" असं लिहून घ्या. डिक्कीतलं सामान घरी. परत घेताना संध्याकाळच्या अंधारात नको, उजेडात. आणि गॅरेजच्या दारातच खाली वाकून बघा, साडी असो की सूट.

आता माझी गाडी दुसरीकडे जाते. परवा सर्व्हिसिंगला दिली, नेहमीसारखा फोन बाहेर काढला, तर तिथला अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "थांबा मॅडम, डिक्कीपण उघडतो, स्टेपनी राहिली मागच्या वेळी."